'नाताळ' हा शब्द आला कुठून?

गिरगावातील एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. 'नाताळ' हा 'नाथकाळ' या शब्दाचा अपभ्रंश आहे असे त्यांच्या कानावर आले आहे, ते खरे आहे का? आणि 'ख्रिसमस' हे सणाचे धार्मिक नाव, तर 'नाताळ' हे नुसते सुट्टीचे नाव, असा भेद असल्यास ख्रिस्ती शेजाऱ्यांना शुभेच्छा देताना 'नाताळ' म्हणणे टाळावे का?

'नाथकाळ' ही व्युत्पत्ती कानाला गोड लागते, पण तिला आधार नाही. 'नाताळ' हा पोर्तुगीज 'नाताल' या शब्दावरून आला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यांच्या सहवासातून पाव, चावी, घमेले, बिजागरी, लिलाव आणि पाद्री हे शब्द ज्या वाटेने मराठीत आले, त्याच वाटेने हाही आला. पुढे मुंबई इंग्रजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तरी शब्द मात्र राहिला. गुजरातीत तो 'नाताल' असाच आहे. मराठीने शेवटच्या 'ल'चा 'ळ' केला, आणि शब्द आपलासा करून घेतल्याची ही खूणच आहे असे मी मानतो. गांधीजींच्या चरित्रात भेटणारा दक्षिण आफ्रिकेतील 'नाताळ' प्रांत हाही याच शब्दाचे अपत्य आहे. हिंदुस्थानकडे निघालेला वास्को द गामा १४९७ च्या नाताळात त्या किनाऱ्याजवळून जात होता, म्हणून त्याने किनाऱ्याला सणाचे नाव दिले.

पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'नातालिस', म्हणजे 'जन्माचा', हे विशेषण आहे. 'दिएस नातालिस' म्हणजे जन्मदिवस. प्राचीन रोममध्ये सम्राटांचे आणि देवतांचे असे दिवस पाळले जात. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून ज्या रोमन पंचांगात प्रथम स्पष्टपणे आढळतो, ते इ.स. ३५४ चे आहे. त्याच संग्रहात त्याच तारखेला 'अजिंक्याचा जन्मदिवस' अशीही नोंद आहे आणि ती सामान्यतः सूर्यदेवाची मानली जाते. या दोन नोंदींचा परस्परांशी संबंध काय, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. शब्दाच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने 'नातालिस'च्या अर्थात घडवलेली उलथापालथ. श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या हुतात्म्याचा मृत्युदिन हाच त्याचा 'जन्मदिवस' म्हणून पाळला जाऊ लागला, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला अशी भावना होती. आजही चर्चच्या दिनदर्शिकेत संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनीच येतात. पृथ्वीवरील जन्माचा सोहळा तिने तिघांपुरता राखून ठेवला आहे: येशू, त्याची आई मरिया (८ सप्टेंबर) आणि बाप्तिस्मा करणारा योहान (२४ जून).

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. ज्ञानेश्वरांचा आपण समाधी सोहळा करतो, तुकोबांची बीज पाळतो. रामाचा आणि कृष्णाचा मात्र जन्म साजरा करतो, पाळणा हलवतो. संताची देहातून सुटका हा उत्सव, तर देवाचे देहात येणे हा उत्सव, हा भेद दोन्हीकडे आहे. ख्रिस्ती श्रद्धेत या येण्याला 'देहधारण' म्हणतात, आणि ते एकदाच घडले असे मानतात. अवताराच्या कल्पनेहून ती श्रद्धा येथे वेगळी होते. योहानाच्या शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधील येशूचरित्रातील (हा योहान बाप्तिस्मा करणाऱ्याहून वेगळा), 'शब्द देही झाला' हे तीन शब्द म्हणजे नाताळाचा गाभा आहे. तेव्हा 'नाताळ' हे नुसते सुट्टीचे नाव नव्हे. सणाचे सारे तत्त्व त्यात आहे.

'ख्रिसमस' हे नाव घटनेऐवजी उपासनेवरून पडले. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'ख्रिस्ताची मिस्सा', म्हणजे त्या दिवशीची प्रार्थनासभा. मराठी कॅथलिक आजही 'मिस्सा' हाच शब्द वापरतात. तिच्या शेवटी लोकांना निरोप देताना म्हटल्या जाणाऱ्या 'इते, मिस्सा एस्त' या लॅटिन वाक्यातून तो आला आहे.

या सणाशी जोडलेला आणखी एक शब्द मला फार प्रिय आहे, तो म्हणजे 'गव्हाण'. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवल्याचे सांगितले आहे. बेथलेहेम या गावाच्या नावाचा हिब्रू अर्थ 'भाकरीचे घर' असा होतो, आणि गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालण्याची जागा. मिस्सेत भाकरीच्या रूपाने ख्रिस्त स्वीकारणाऱ्या भाविकाला या दोन शब्दांची सोबत अर्थपूर्ण वाटते. नाताळात मांडतात त्या गोठ्याच्या देखाव्यातील बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत. धन्याची गव्हाण ओळखणारे गाढव आणि धन्याला ओळखणारा बैल संदेष्टा यशयाच्या ग्रंथातून आले. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे असिसीच्या संत फ्रान्सिसने खरा चारा आणि खरी जनावरे आणून हा प्रसंग उभा केला. मुंबईत घरोघरी आणि चर्चच्या आवारात मांडल्या जाणाऱ्या गोठ्याच्या देखाव्यांची परंपरा त्या प्रसंगातून वाढली.

'सांताक्लॉज'मधील 'सांता' हे व्यक्तीचे नाव नव्हे. संत निकोलस या नावाच्या डच रूपावरून 'सांताक्लॉज' झाले. आपल्या सांताक्रूझमधील 'सांता' वेगळ्या वाटेने, पोर्तुगीजमधून, आला. तेथे त्याचा अर्थ 'पवित्र' आणि क्रूझ म्हणजे क्रूस. मुळाशी दोन्हीकडे 'पवित्र' या अर्थाचा एकच लॅटिन शब्द आहे.

आता शुभेच्छांविषयी. मुंबईची जुनी गावठाणे ज्यांची, तो 'ईस्ट इंडियन' म्हणवणारा ख्रिस्ती समाज मराठीचीच बोली बोलतो, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांतही हा सण नाताळच आहे. त्यामुळे 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणताना संकोच बाळगण्याचे काही कारण नाही. शब्द पुल्लिंगी आहे: नाताळ आला, नाताळात भेटू, नाताळाला घरी या. 'नाताळची सुट्टी' आणि 'नाताळाची सुट्टी' अशी दोन्ही रूपे ऐकू येतात; पहिले अधिक रुळलेले असले तरी दुसऱ्याला मी चूक म्हणणार नाही.