वाचक विचारतात : फ्रेंच शिकायला तिघी निघाल्या

प्रश्न : आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतल्या तिघी मैत्रिणी. फ्रेंचची ए-२ पातळी झाली आहे, तिच्यापुढे बी-१ आणि मग बी-२ येते. फ्रान्समधल्या विशी या शहरात १२ आठवड्यांच्या भाषावर्गाला जाणार आहोत. तिघींनी मिळून एकच फ्लॅट घ्या, भाडं वाचेल, असं घरचे म्हणतात. परत येईपर्यंत बी-२ होईल ना?

उत्तर : आधी हिशेब. आठवड्याला २० तास धरले तर १२ आठवड्यांचे २४० तास होतात. ए-२ वरून बी-१ गाठायला साधारण २०० तास लागतात आणि बी-२ ला पुन्हा तेवढेच. म्हणजे बी-१ पक्कं होईल, बी-२ अर्ध्या वाटेवर राहील. देल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. पास व्हायला ५० लागतात, पण एकाही भागात ५ च्या खाली गेलात की बाकीचे गुण पाण्यात. तेव्हा बी-१ चीच परीक्षा द्या.

फ्लॅटमध्ये भाडं वाचतं, फ्रेंच बुडतं. वर्गाचे चार तास सोडले तर बाकी दिवस मराठीतच जातो, अगदी भाजी काय करायची इथपासून. पहिले चार आठवडे तिघींनी वेगवेगळ्या फ्रेंच कुटुंबांत राहावं. तिथं जेवताना तासभर बोलावंच लागतं, आणि शिक्षिका बोलतात तसं सावकाश तिथं कुणी बोलत नाही. नंतर एकत्र राहिलात तर ‘रोज सात ते नऊ फ्रेंच’ असला नियम करू नका, आठवड्यात मोडतो. ‘स्वयंपाकघरात फक्त फ्रेंच’ हा टिकतो, कारण तिथले शब्द ठरलेले असतात : मीठ, सुरी, धुऊन दे, संपलं. पहिल्या दिवशी पातळी-चाचणी होईल. तिघींची पातळी वेगळी निघाली तर एकाच वर्गात बसवा म्हणून मागे लागू नका.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांची फजिती होते ती फोन नंबरात. फ्रान्समध्ये नंबर दोन-दोन आकड्यांनी सांगतात. ‘स्वासांत’ म्हणजे ६०, म्हणून तुम्ही ६ लिहून मोकळ्या होता, तोवर पुढे ‘दिझ्वीत’ म्हणजे १८ येतं आणि आकडा ७८ होतो. ९४ म्हणजे तर चार-वीस-चौदा. जोडी पूर्ण ऐकेपर्यंत पेन टेकवायचं नाही. निघण्यापूर्वी महिनाभर रोज दहा नंबर एकमेकींना सांगून लिहा.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. बरोबरच्या मैत्रिणी इंग्रजी माध्यमाच्या आहेत. मी मागे पडेन का?

उत्तर : उच्चारात तुम्हीच पुढे राहाल, फक्त फ्रेंच इंग्रजीच्या चष्म्यातून वाचू नका. फ्रेंच त आणि द आपल्या त-द सारखे दंत्य आहेत. ‘टेबल’ नव्हे, ‘ताब्ल’. प आणि क सुद्धा हवेचा झोत न सोडता, आपल्यासारखेच. अडचण अनुस्वाराची. ‘आंबा’मध्ये आपण म् उच्चारतो, ‘बाँ’ या फ्रेंच शब्दात मात्र शेवटी न्-म् काहीच येत नाही, नुसता स्वर नाकातून जातो. कोकणीतला ‘हांव’ कानावर असेल तर हे लगेच जमतं. दुसरा अवघड स्वर : ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे ठेवा आणि आत ‘ई’ म्हणा.

व्याकरणातही मराठी उपयोगी पडते. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’मध्ये क्रियापदाचं रूप चिठ्ठीप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही ‘ला लेत्र क जे एक्रीत’. पण ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणताना तिथं नुसतं ‘एक्री’ राहतं : कर्म आधी आलं तरच बदल, मागून आलं तर नाही. मराठीत दोन्हीकडे बदल होतो, म्हणून इथं चूक ठरलेलीच. लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं स्त्रीलिंगी. शब्द ‘ला ताब्ल’ असाच, उपपदासकट पाठ करा.

प्रश्न : जन्मदाखला कन्नडमध्ये आहे, पासपोर्टवर गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे आणि गुणपत्रिकेवर नवं. अडेल का?

उत्तर : बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून ‘बेळगावी’ झालं, त्यामुळे सीमाभागातल्या बहुतेक घरांत असे दोन्ही तऱ्हेचे कागद सापडतात. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. ९० दिवसांच्या आतला शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) चालतो आणि त्याला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात, म्हणून पॅरिस बघण्याचे दिवस त्यातूनच काढा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो. पोहोचल्यावर तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करायचा असतो. तिथल्या आरोग्य विम्यासाठी आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला लागतो, तोही शपथबद्ध अनुवादकाने फ्रेंच केलेला.

गावाच्या स्पेलिंगपेक्षा नावाचा घोळ जास्त नडतो. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर कधी आडनाव आधी येतं, कधी नुसती आद्याक्षरं. फ्रेंच अर्जातला ‘नों’ हा रकाना आडनावाचा असतो, ‘प्रेनों’ स्वतःच्या नावाचा. ‘नों’ला ‘नेम’ समजून अनेकजण उलटं भरतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्या. बोटांचे ठसे प्रत्येकीला स्वतः जाऊन द्यावे लागतात. बेंगळूरूला तिघी एकाच दिवशी जाणार असाल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची तिकिटं आधी काढा.

प्रश्न : कुंदा आणि कुकर नेता येईल का?

उत्तर : कुंदा नाही, तो दुधाचा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे आणि तूपही त्यातच आले. ताजा कढीपत्ताही नको, सुके मसाले चालतात. कुकर जरूर न्या, पण तळ इंडक्शनचा आहे का बघा. बऱ्याच खोल्यांत इंडक्शनची शेगडी असते आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. लोहचुंबक तळाला चिकटला तर बॅगेत टाका.