बेळगावात नवे घर घेतले आहे. सुरुवातीला कोणती हत्यारे विकत घ्यावीत?

सुरुवातीला पक्कड, सरकता पाना, टेस्टर, चपटा व स्टार स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि टेफ्लॉन टेप एवढेच घ्यावे. ड्रिल मशीन गरजेपुरते भाड्याने आणावे. बेळगाव-खानापूर भागात घरदुरुस्तीची कामे करताना माझ्या पाहण्यात आले आहे की नव्या घरातील पहिली तक्रार बहुधा जोडाच्या आट्यांतून गळणाऱ्या नळाची असते आणि ती पाना व टेफ्लॉन वापरून घरीच मिटते. मात्र ही टेप आट्यांवर नळ आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी, नाहीतर बसवतानाच सुटते. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत ठिसूळ जागी खिळा धरत नाही, तेथे भोकात बसणारा प्लॅस्टिकचा प्लग व लांब स्क्रू वापरावा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून तार निर्धोक समजू नये. मेन स्विच बंद करूनच काम करावे आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या मीटरला स्वतः हात लावू नये.