स्वस्त पंप की महाग पंप?

प्रश्न: प्लांटमधला पंप बदलायचाय, दोन कोटेशन आलीत. दुसरा दीडपट महाग पण वीज कमी खातो. साहेब म्हणतात स्वस्तातला घ्या, नाहीतर जुनाच चालवा, मागच्या वर्षीच त्यावर एवढा खर्च केलाय. हिशोब कसा मांडू?

उत्तर: आधी ते मागच्या वर्षीचं डोक्यातून काढा. तो पैसा गेला, कुठलाही पर्याय घेतला तरी परत येणार नाही, त्यामुळे हिशोबात त्याला जागाच नाही (साहेबांना हे जरा गोड शब्दांत सांगा).

आता वीज. समजा एक पंप 25 किलोवॅट ओढतो आणि दुसरा तेच काम 24 मध्ये करतो, फरक फक्त 1 किलोवॅट, पण वर्षाला 6000 तास चालवला की 6000 युनिट वाचतात. मात्र सरळ गुणिले 10 वर्षं करू नका, कारण दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत 10 टक्के व्याजदराने साधारण 38.55 च भरते. दहा वर्षांची बचत आजच्या पैशात आणायची तर वर्षाच्या रुपयांतल्या बचतीला (युनिट गुणिले वीजदर) 10 ऐवजी 6.14 ने गुणा (दहा वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या 1 रुपयाची त्याच 10 टक्के दराने आजची एकूण किंमत), आणि तो आकडा जादा किमतीपेक्षा मोठा निघाला तर महागवाला बिनधास्त घ्या.

एक पंप 5 वर्षं टिकणारा आणि दुसरा 10 असेल तर मात्र वार्षिक खर्च काढूनच तुलना करा. आणि तास खरे धरा हो, लॉगबुक बघून. बहुतेक जण इथेच फसतात, 6000 लिहितात आणि पंप निम्मा वेळ बंदच असतो.