एका फोनला एकच प्रश्न

प्रिय मुली,

काल रात्रीचा तुझा मेसेज वाचला. चार परिच्छेद आणि अकरा प्रश्न. एजंट म्हणतो थांब, मावसभाऊ म्हणतो रोज फोन कर, आणि बाबांनी तू अर्ज केलेल्या ब्रिटनच्या विद्यापीठात, ॲडमिशन ऑफिसला फोन केला तर त्यांनी 'अर्जदाराशीच बोलू' असं सांगून ठेवून दिला. बाबा चिडलेत, पण पलीकडच्या बाईंचा दोष नाही. ब्रिटनमधल्या डेटा प्रोटेक्शनच्या नियमांमुळे तुझी संमती असल्याशिवाय त्यांना तुझ्या फाइलबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. फोन तूच करायचा. आणि तो स्पीकरवर टाकून बाबांनी मागून सुचवत राहायचं, हेही नको.

आता मुद्द्याचं. एका फोनला एकच प्रश्न, आणि तो आधी कागदावर.

'माझ्या अर्जाचं काय झालं?' हा प्रश्नच नव्हे. त्याला 'प्रोसेस सुरू आहे' हेच उत्तर येणार, आणि ते खरंही असतं. तुझी अडचण काय? ऑफर लेटरमधली दुसरी अट, फायनल ट्रान्सक्रिप्ट. हातात आहे शेवटच्या सेमिस्टरचा ऑनलाइन निकाल. एकत्रित गुणपत्रिका यायला अजून पंधरा दिवस. मग कागदावर असं येईल: 'दुसऱ्या अटीसाठी ऑनलाइन निकाल आणि कॉलेजचं पत्र कॅससाठी चालेल का, आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवू?' बस. (कॅस म्हणजे व्हिसाच्या अर्जासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला.) बारावीच्या इंग्रजीच्या गुणांचा प्रश्न वेगळा, त्याचा फोन वेगळा. त्यातही नुसतं 'ट्वेल्थ' म्हणू नकोस, 'महाराष्ट्र स्टेट बोर्ड' म्हण आणि गुण सांग. कित्येक विद्यापीठं सीबीएसईला एक कटऑफ लावतात आणि राज्य मंडळांना दुसरा. डिपॉझिटचा प्रश्न बहुतेक ठिकाणी फायनान्सचा. तो ॲडमिशनला विचारलास की ते लाइन फिरवतात, आणि फिरवताना लाइन तुटते.

तुला वाटेल, हा माणूस कागदामागे हात धुऊन लागलाय. लागलोय. कितीतरी वर्षं मीही मुलांना 'आत्मविश्वासाने बोला' एवढंच सांगत आलो, आणि तो सल्ला कुचकामी होता. वीस मिनिटं होल्डवरचं संगीत ऐकल्यावर आत्मविश्वास कुणाचाच शिल्लक राहत नाही. कागद राहतो.

कागदाच्या डोक्यावर अर्ज क्रमांक लिही, मोठ्या अक्षरांत. आपल्याकडच्या नावांनी तिथे फाइल सापडत नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आणि अर्जात एजंटने काय भरलंय ते तोच जाणे. म्हणून आधी क्रमांक, मग जन्मतारीख, तीही महिन्याचं नाव घेऊन. नुसते आकडे म्हणू नकोस. नाव पासपोर्टप्रमाणे आणि स्पेलिंग 'ए फॉर अल्फा, बी फॉर ब्राव्हो' पद्धतीने. ती सगळी यादी पाठ करायची गरज नाही, तुझ्या आडनावातल्या अक्षरांपुरती कागदावर उतरव. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपल्या तोंडून सारखेच निघतात, तिथे 'व्हिक्टर' आणि 'व्हिस्की' वाचवतात.

फोन लागण्याचंही बघ. प्रीपेड सिमवर आयएसडी बहुधा बंद असतं, आदल्या दिवशी चालू करून घे. वेबसाइटवरच्या नंबरात कंसातलं शून्य दिसतं, ते अधिक ४४ नंतर लावायचं नाही. ०८०० चे नंबर भारतातून बहुतेक लागतच नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी दिलेला नंबर शोध. वेळ: सध्या ते आपल्या साडेचार तास मागे आहेत, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ ते आपले दुपारचे दीड. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच तास.)

आता त्यांची भाषा. 'बेअर विथ मी' म्हणजे जरा थांबा, त्या वेळी बोलत राहू नकोस. 'आय ॲम अफ्रेड' ने वाक्य सुरू झालं की उत्तर नाही असं आहे. आणि 'शुड बी फाइन' हे आश्वासन नव्हे! या तीन शब्दांवर विसंबून लोक विमानाची तिकिटं काढतात. 'टीमकडे पाठवते' म्हणाली तर विचार: कोणत्या टीमकडे, उत्तर कधीपर्यंत, संदर्भ क्रमांक काय. बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव घे आणि त्याच नावाने बोल. दर वाक्याला 'सर' 'मॅडम' नको. उत्तर मिळालं की ते तुझ्या शब्दांत परत म्हणून दाखव. मग तासाभरात ईमेल. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक, आत चार ओळी: कधी बोललो, कुणाशी, काय ठरलं, चुकत असेन तर कळवा. फोनवरचं बोलणं त्यांच्याकडे रेकॉर्ड होत असेलही, तुझ्या हातात फक्त हा ईमेल असतो.

तारखेवर अडून बसायला सांगतोय त्याला कारण आहे. व्हिसासाठी दाखवायचे पैसे स्वतःच्या किंवा आईबाबांच्या खात्यात असतील तर सलग २८ दिवस एका दिवसाचाही खंड न पडता राहावे लागतात. कॅसची तारीख कळली की बाबांना कळेल, एफडी कधी मोडायची आणि खात्याला कधीपर्यंत हात लावायचा नाही. बाबांचं खरं काम ते आहे, फोनचं नव्हे.

उद्या फोन करू नकोस. उद्या ऑगस्टचा शेवटचा सोमवार, इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे. नुसती रिंग वाजेल आणि तू मला पुन्हा चार परिच्छेद पाठवशील. परवा, मंगळवारी, पावणेदोनला लाव. त्याआधी प्रश्न मराठीत लिहून मला पाठव. दोन ओळींत मावला नाही तर बुधवारी फोन कर.

तुझा,
काका