काकांनी हिस्सा विकायला काढलाय, आता रान कसं वाचवायचं?

दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांची स्वतः घेतलेली काही एकर जमीन, निम्म्याहून जास्त जंगल. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे सातबाऱ्यावर वडील, दोन काका आणि आत्या अशी सामाईक नावं. मुंबईत राहणाऱ्या धाकट्या काकांनी आपला हिस्सा रबर लावणाऱ्या पार्टीला द्यायचं ठरवलंय, टोकनही घेतलंय, आणि परवा जेसीबी येऊन वाटेकडची झाडं पाडून गेला. बाकी सगळ्यांना रान आहे तसं ठेवायचंय.

सगळ्यात आधी सातबाऱ्याचा "इतर हक्क" रकाना नीट वाचा, जुने फेरफार पण काढा. तिथे "खाजगी वन" अशी नोंद असेल तर गोष्ट वेगळी, कारण 1975 च्या खाजगी वनं संपादन कायद्याने अशी वनं 30 ऑगस्ट 1975 पासून सरकारजमा झालीत, मग काका विकू शकत नाहीत हे खरं पण तुमची मालकीपण अडचणीत येते, म्हणून तशी नोंद दिसली तर कुठलाही अर्ज द्यायच्या आधी वकिलाला कागद दाखवा.

नोंद नसेल तर जेसीबीचं उद्याच बघा. पाडलेल्या झाडांचे फोटो काढा, तहसीलदार आणि वनपरिक्षेत्र अधिकारी दोघांकडे लेखी तक्रार द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. दोडामार्गात झाडतोडीवर हायकोर्टाची 2013 पासून बंदी आहे, आणि मार्च 2024 च्या निकालात सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या 25 गावांबद्दल कोर्टाने पुन्हा स्पष्ट आदेश दिलेत, तर तुमचं गाव त्यात आहे का बघून तक्रारीत तसं लिहा.

आता काकांचं. सामाईक जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा ते विकू शकतात, ते तुम्ही नुसतं अडवू शकत नाही. पण वाटप होईपर्यंत "हा कोपरा माझा" म्हणून घेणाऱ्याला तिथे मशीन घालता येत नाही, त्यासाठी वाटपाचा दावा आणि मनाई हुकूमाचा अर्ज एकत्र लावा, आणि दाव्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा म्हणजे पुढचा खरेदीदार "मला माहीत नव्हतं" म्हणणार नाही.

तुमच्या हातातलं खरं हत्यार मात्र हिंदू वारसा कायद्याचं कलम 22 आहे. वारसांपैकी एकाने हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे, आणि शेतजमिनीलाही हे लागू होतं असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलंय. हक्क तुमच्या वडिलांचा, दुसऱ्या काकांचा आणि आत्यांचा, म्हणून नोटीस त्यांच्या सहीने जाऊदे, तुमच्या नाही. किमतीवर जमलं नाही तर कोर्ट किंमत ठरवतं, पण ती द्यायची तयारी लागते, पैसे नसताना ही वाट धरू नका, वरून कोर्टखर्च अंगावर येतो. खरेदीखत झालंच तरी घाबरू नका, पण वर्षाच्या आत दावा लावाच. आणि नोटिशीआधी वडिलांना धाकट्या भावाशी एकदा फोनवर बोलू दे, मुंबईतल्या माणसाला बऱ्याचदा जमीन नको असते, पैसे हवे असतात, ते घरातून मिळाले तर टोकन परत करायला तो तयार होतो.

हिस्सा घरात आला की मग कायमची कडी घाला, नाहीतर पुढच्या पिढीत हेच पुन्हा. खरेदीखतात "झाडं तोडू नयेत" अशी नुसती अट घालून फारसं काही होत नाही, पुढच्या मालकावर ती बांधताना कोर्टात दमछाक होते. दोन वाटा जास्त पक्क्या. एक, सार्वजनिक ट्रस्ट, त्याची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, पण शेतजमीन ट्रस्टच्या नावे करायला कुळकायद्याच्या कलम 63 खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या. दुसरी, वन्यजीव कायद्याच्या कलम 36-क (इंग्रजीत 36C) खाली कम्युनिटी रिझर्व्ह, म्हणजे मालकांनी स्वतःहून राखून ठेवलेलं रान, जमीन मालकाचीच राहते पण नंतर तिचा वापर बदलायला रिझर्व्हच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. मला तुमच्यासाठी ही दुसरी बरी वाटते, मात्र सगळे हिस्सेदार एकमताने पुढे आले पाहिजेत, म्हणून आत्यांची सही आत्ताच घेऊन ठेवा.

मला भेटायला येताना सातबारा, वारस नोंदीचा फेरफार आणि काकांच्या टोकनची जी काही चिठ्ठी मिळेल ती घेऊन या.