रिस्टोअर केलेली जुनी एमजीबी रोडस्टर घ्यायची आहे. इंग्लंडमध्ये गाडी बघायला जाताना काय तपासावे?

रंग आणि क्रोम शेवटी बघा. आधी गुडघे टेकून सिल, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या लांब पोकळ पट्ट्या, बघा.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनली. तिला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला वर छताचाही आधार नाही, त्यामुळे मधला सगळा ताण मुख्यतः सिलवर येतो. सिलमध्ये पत्र्यांचे थर असतात आणि आपल्याला दिसतो तो फक्त बाहेरचा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाणी आत शिरलं की गंज आतून पसरतो.

माझ्या १९७१ च्या गाडीचा रंग आरशासारखा होता. दुसऱ्या वर्षी डाव्या दाराची फट वरच्या बाजूला इतकी आवळली की पोस्टकार्डही सरकेना. खाली मात्र बोटाचं टोक जात होतं. सिलवर चुंबक धरलं, ते घसरून पडलं. आत नुसती पुट्टी! कापून पाहिलं तर गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा वेल्ड केलेला. नीट काम करताना सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे आधार लावावे लागतात, नाहीतर गाडी मधून खचते आणि तशीच वेल्ड होते. म्हणून विकणाऱ्याकडे रंगानंतरचे नाही, त्या आधारांसकट काढलेले फोटो मागा.

बाजूने जॅक लावून दार उघडून-मिटून बघा. अडकलं तर सौदा नको. जॅक लावू देत नसतील तरीही नको.

इंजिनाची फार काळजी करू नका. १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, सगळं हाताला येतं आणि पार्ट सहज मिळतात. १९८८ पासून तर अख्खी नवी बॉडीही मिळू लागली. पेट्रोल मात्र ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) भरा, ई१० ने (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) जुने रबरी पाइप खराब होतात.

चाळीस वर्षं झालेल्या गाडीला अर्ज केल्यावर रोड टॅक्स माफ होतो. मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणीही लागत नाही. मी तरी दरवर्षी करून घेतो, कारण त्या निमित्ताने कुणीतरी गाडी वर उचलून खालून बघतं.

जाताना चुंबक फडक्यात गुंडाळून न्या, रंगाला ओरखडा नको. टॉर्च आणि खाली आडवं होऊन बघायला जुनी चटईही घ्या.