रवानगी आहे, वापसी नाही

प्रश्न: माझा थोरला भाऊ मध्य प्रदेश पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होता. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रीची नाकाबंदी आटोपून तो स्वतःच्या मोटरसायकलवरून निघाला होता. वाटेत त्याने रेतीची एक ट्रॅक्टर-ट्रॉली थांबवायला हात केला. ट्रॉली त्याच्या अंगावरून गेली. खात्याचं म्हणणं, ड्यूटी संपली होती. 21 ऑक्टोबरच्या परेडला आई-बाबांना घेऊन गेलो, तर दादाचं नाव वाचलंच नाही. मग आम्ही वर्गणी काढून त्याचा अर्धपुतळा करवून घेतला. घराजवळच्या चौकात तो येत्या 21 ऑक्टोबरला बसवायचा आहे. नगर निगम परवानगी देत नाही. पार्षद (नगरसेवक) म्हणतात, रात्रीतून बसवून टाकू, मग कोण काढतो बघू. वहिनींना हे मान्य नाही, त्या सध्या माहेरी आहेत. त्या म्हणतात, आधी केस बघा. पुतळा चार महिने धोतरात गुंडाळून ओसरीत आहे, आई रोज त्याच्यापुढे उदबत्ती लावते. आम्ही काय करावं? पाटीवर 'शहीद' लिहिता येईल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर: तुमचं पत्र आणि सोबतची कागदपत्रं मी नीट वाचली. पुतळ्याकडे नंतर येते. आधी परेडबद्दल, कारण तो सल तुम्ही विनाकारण सोसता आहात.

21 ऑक्टोबरला जी नावं वाचतात, ती आधीच्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून त्या वर्षीच्या 31 ऑगस्टपर्यंतची असतात. तुमचे दादा गेले सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे गेल्या परेडच्या यादीत त्यांचं नाव असणं शक्यच नव्हतं. त्यांना कुणी वगळलं नाही. त्यांची परेड ही येणारी आहे. आई-बाबांना हे आजच सांगा. 1959 साली याच तारखेला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस जवान पडले, तेव्हापासून हा दिवस देशभर पाळतात. दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 साली राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं, तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. चौकातल्या चबुतऱ्याच्या कितीतरी आधी मला तुमच्या दादांचं नाव त्या यादीत हवं आहे.

पण ते आपोआप येणार नाही. नाव जिल्ह्यातून वर जातं, आणि जिल्ह्याच्या फायलीत आज 'ड्यूटी समाप्तीनंतर सड़क दुर्घटना' एवढंच लिहिलं आहे. हा शेरा बदलला नाही तर पुढच्या परेडलाही आई तशीच परत येईल. तुमचं सगळं बळ आत्ता इथे लागायला हवं.

त्यासाठी लागणारा कागद तुमच्याच गठ्ठ्यात आहे, चालानाच्या, म्हणजे आरोपपत्राच्या, मागे. रोजनामचा सान्ह्याची, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या डायरीची, ती छायाप्रत तुम्ही बहुधा उलटून पुढे गेलात. पोलीस ठाण्यातून कुणीही कामावर निघालं की रोजनाम्यात रवानगी चढते, परत आलं की वापसी. 1861 च्या पोलीस कायद्याचं कलम 44 ठाणे प्रभारीला ही डायरी ठेवायला बांधून घालतं. तुमच्या प्रतीत त्या रात्रीची 23:10 ची रवानगी आहे. दादांचं नाव, दोन आरक्षक (शिपाई), सरकारी वाहन, टॉर्च, 'नाकाबंदी हेतु'. पुढच्या पानावर पहाटे 4:40 ची वापसी आहे आणि तिच्यात फक्त दोन आरक्षकांची नावं आहेत. दादांची मोटरसायकल नाक्यावर होती म्हणून त्यांनी गाडी पुढे पाठवली, असं एका आरक्षकाच्या जबाबात आहे. दादांची वापसी कुठेच नाही. ते पान मी बराच वेळ बघत होते. त्या रोजनाम्याच्या हिशेबाने तुमचे दादा अजून ड्यूटीवर आहेत.

भावनेच्या भरात लिहिलेलं हे वाक्य नाही. हाच तुमचा मुद्दा आहे. नाक्याची वेळ संपली म्हणजे कर्तव्य संपलं असं नाही. ठाण्यात हजर होऊन वापसी लागली की ते संपतं, आणि ती लागलेली नाही. जोडीला त्याच कायद्याचं कलम 22 आहे: त्या कायद्यापुरता प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव ड्यूटीवर समजला जातो. या कलमाच्या एकट्याच्या भरवशावर मात्र राहू नका. ते 'या कायद्यापुरतं' असं स्वतःच म्हणतं, आणि पेन्शनचा बाबू नेमकं तेवढंच बोट ठेवून दाखवेल. पण कोरी वापसी, आरक्षकाचा जबाब, आणि मरतेवेळी दादा करत होते ते काम, म्हणजे संशयित वाहन थांबवणं, हे तिन्ही एकत्र मांडलं की खात्याचा शेरा टिकणं कठीण आहे. घरी निघालेला साधा माणूस रेतीच्या ट्रॉलीला हात दाखवत नाही.

छायाप्रतीवर विसंबू नका. रोजनामचा हा लोकदस्तऐवज आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 75 खाली दोन्ही नोंदींच्या प्रमाणित प्रती मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. तपास चालू असल्याचं कारण तपासात खरोखर अडथळा येणार असेल तरच चालतं, आणि तुमच्या प्रकरणात तर चालान लागून गेलंय. प्रती हातात आल्या की पोलीस अधीक्षकांना अभ्यावेदन (लेखी निवेदन) द्या: मृत्यू कर्तव्यावर झाल्याचं मान्य करा, नाव यावर्षीच्या स्मृतिदिनाच्या यादीसाठी पाठवा, आणि 1965 च्या नियमांखालचं पोलिसांचं असाधारण कुटुंब निवृत्तीवेतन मंजूर करा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 31 ऑगस्टच्या आत हे व्हायला हवं. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाच्या आपल्या ग्वाल्हेर खंडपीठाचं दार आहे.

आता वहिनी. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख अडथळा म्हणून केला आहे. मला मात्र तुमच्या घरात त्याच सर्वांत नीट विचार करताना दिसतात. चालान वाचा. भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1) लावलंय, निष्काळजीपणाने मृत्यू, फार तर पाच वर्षं. म्हणजे सायकलवाल्याला चुकून धडक बसावी तशी केस. पण नक्शा मौका, म्हणजे घटनास्थळाचा नकाशा, पाहा: रस्ता सरळ, दिव्याचा खांब वीसेक पावलांवर, ब्रेकच्या खुणा नाहीत. चालकाला समोर उभा माणूस दिसत होता, हातात पेटता टॉर्च होता, तरी ट्रॉली थांबली नाही. हे निष्काळजीपणाच्या पलीकडचं आहे. समोरचा मरू शकतो हे कळत असून गाडी घालणं कलम 105 मध्ये बसतं, सदोष मनुष्यवधात, आणि तो खटला सत्र न्यायालयात चालतो. मुंबईतल्या अलिस्टर परेरा प्रकरणात आणि दिल्लीच्या संजीव नंदा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली हाच फरक तपशिलात मांडला, आणि त्यात तर आरोपींना कुणी हात दाखवून थांबवतही नव्हतं.

आपल्या भागाला हे नवं नाही. 8 मार्च 2012 ला इथून जवळच, मुरैना जिल्ह्यातल्या बानमोरला, अवैध दगडांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला अडवताना आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार चिरडले गेले. अधिकारी मोठे होते, देशभर गाजावाजा झाला, तपास सीबीआयकडे गेला. सहायक उपनिरीक्षकासाठी तेवढा आवाज होत नाही. म्हणून तो घरच्यांनी न्यायालयात करावा लागतो.

करायचं काय? आरोप अजून ठरलेले नाहीत, हे तुमचं नशीब. वहिनींच्या नावाने पुढील तपासासाठी दंडाधिकाऱ्यांकडे लगेच अर्ज द्या. आरोप ठरेपर्यंत न्यायालय असा आदेश देऊ शकतं, हे विनुभाई मालवीय प्रकरणात 2019 साली स्पष्ट झालंय. सरकारी वकिलांना साहाय्य करायला तुमचा वकील उभा करता येतो. लखीमपूर खीरीच्या प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकलं जाण्याचा हक्क आहे, आणि 'पीडित' या व्याख्येत कायदेशीर वारस येतात. वारस कोण, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलं आणि आई. भाऊ त्या पहिल्या वर्गात नाही. तेव्हा भाऊराया, धावपळ तुम्हीच करा, पण प्रत्येक कागदावर सही वहिनींची आणि आईची घ्या. तुमच्या सहीचा अर्ज पहिल्याच तारखेला 'तुम्ही कोण' या प्रश्नावर अडकेल. आणि त्या सहीसाठी वहिनींच्या माहेरी आईला बरोबर घेऊन जा.

मोटार अपघात दाव्याचं पत्रात काहीच नाही. मुदत सहा महिन्यांची आहे आणि ती गेलीय. आधी दावा न्यायाधिकरणात चौकशी करा, कारण पोलिसांनी अपघाताचा अहवाल तिकडे पाठवला असेल तर तोच अर्ज धरला जातो. नसेल तर उशिराचं कारण लिहून तात्काळ दावा लावा. कुटुंब पेन्शन या भरपाईतून वजा होत नाही. कलम 105 लागलं तर विमा कंपनी 'हा अपघातच नाही' म्हणेल. त्याला रीता देवी प्रकरणाचा 2000 सालचा निकाल उत्तर आहे: खुनाने झालेला मृत्यूही मोटार अपघात ठरू शकतो. घाबरून कलम सौम्य राहू देऊ नका.

आता ओसरीतला पुतळा. चौकात बसवू नका. नगर निगमाचा नकार हा अडेलपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागी पुतळा किंवा बांधकाम करायला कोणत्याही राज्याने परवानगी देऊ नये. भोपाळला टी. टी. नगरात एका माजी मुख्यमंत्र्यांचा पुतळा उभा राहिला होता. 2022 साली आपल्या उच्च न्यायालयाने तो हटवायला लावला. तिथे सरकार पाठीशी होतं, तुमच्या पाठीशी एक पार्षद आहे. उद्या कुणीही याचिका टाकली की पट्ट्यांत बांधलेला पुतळा जेसीबीने उचलला जाईल. उदबत्ती लावणाऱ्या आईला ते बघायला लावू नका. आणि चिरवाई नाक्याचं 2021 तुम्हाला आठवत असेलच. सम्राट मिहिरभोजांच्या पुतळ्याखालच्या 'गुर्जर' या एका शब्दावरून शहर पेटायची वेळ आली आणि खंडपीठाला ती पाटी झाकायला लावावी लागली. चौकातला पुतळा घरच्यांचा राहत नाही.

तो आदेश सार्वजनिक जागेपुरता आहे. दादा ज्या खासगी शाळेत शिकले, तिच्या स्वतःच्या आवारात, संस्थेचा ठराव घेऊन, पुतळा बसवता येईल. आपल्या मराठी मंडळींच्या एखाद्या संस्थेची स्वतःची वास्तू असेल तर तिथेही. माझा कौल शाळेला आहे, पोरं रोज बघतील. रस्त्याला नाव देणं ही वेगळी गोष्ट आहे. तो अधिकार नगर निगमाचा आहे आणि पुतळ्याचा आदेश त्याच्या आड येत नाही. पार्षदांना खरंच काही करायचं असेल तर त्यांनी परिषदेत नामकरणाचा ठराव आणावा. ते काम त्यांना दिवसाढवळ्या करता येईल.

'शहीद' शब्दाचं म्हणाल तर कायद्यात त्याची व्याख्याच नाही. सेना, निमलष्करी दलं किंवा पोलीस यांच्यासाठी हा अधिकृत शब्द नाही, हे केंद्र सरकारने 2017 साली केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलंय. म्हणून लिहायला बंदी नाही, आणि लिहिल्याने कुठला हक्कही येत नाही. खासगी जागेतल्या पाटीवर खुशाल लिहा. मी असते तर नाव, हुद्दा, ठाणं, तारीख आणि 'कर्तव्यावर असताना' एवढं लिहिलं असतं, कारण हे दोन शब्द तोवर तुम्ही लढून मिळवलेले असतील. आरोपीचं नाव, 'हत्या', 'रेती माफिया' यातलं काहीही खटला चालू असेतो कोरू नका; बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळेल. पार्षदांच्या फ्लेक्सवर दादांचा फोटो आहे, तोही आजच उतरवायला सांगा. गेलेल्या माणसाच्या फोटोवर घरच्यांचा हक्क न्यायालयात सिद्ध करणं अवघड असतं, पण आईने एक फोन केला तर ते नाही म्हणणार नाहीत.

शेवटी, पत्राच्या खाली तुम्ही पेन्सिलीने विचारलंय, दादाची शिट्टी परत मिळेल का. जप्ती पत्रकात ती पाचव्या क्रमांकावर आहे: टॉर्च, काच फुटलेली, शिट्टी, काळ्या दोरीसह. मिळेल. खटला संपल्यावर वारसांनी अर्ज केला की न्यायालय वस्तू परत देतं. पण आत्ता मागू नका. त्यांनी टॉर्च पेटवला आणि शिट्टी वाजवली, हे साक्षीदाराला त्याच वस्तू हातात घेऊन सांगायचं आहे.